थेंब एकमेकांपासून नेमकं अंतर राखतात, ते का?

लिक्विड क्रिस्टलचा एक पातळ थर आहे. वरची बाजू उघडी, थेट हवेला लागलेली. त्या उघड्या पृष्ठभागावर ग्लिसरीनचे बारीक थेंब बसलेत, एकेक जेमतेम काही मायक्रॉनचा. माणसाचा केस ७०-८० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की लक्षात येतं, हे थेंब कसेही विखुरलेले नाहीत आणि एकमेकांना चिकटून त्यांचा गोळाही झालेला नाही. प्रत्येक थेंबाभोवती सहा शेजारी, सगळे जवळजवळ सारख्याच अंतरावर. त्या शेजाऱ्यांभोवती पुन्हा सहा. कुणी हाताने मांडलेलं नसताना तयार झालेली षटकोनी जाळी.

युक्रेनची राजधानी कीव्ह इथल्या भौतिकशास्त्र संस्थेतल्या नाझारेंको, निख आणि लेव्ह यांनी २००१ मध्ये ही जाळी जगापुढे आणली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातले स्माल्युख आणि लाव्रेन्तोविच हेही त्यांच्यासोबत कामाला लागले. प्रश्न असा होता: थेंब एकमेकांना ढकलतात हे उघड आहे, नाहीतर ते चिकटले असते. पण नुसतेच ढकलत असते, तर जागा मिळेल तितके लांब लांब गेले असते. ठरावीक अंतरावर थांबायचं, तर ढकलण्यासोबत काहीतरी ओढणारं किंवा निदान कोंडून ठेवणारंही हवं. ढकलण्याचं कारण लवकर कळलं. दुसऱ्या बाजूच्या कारणावरून मात्र अनेक वर्षं वाद चालला. मला हा सगळा विषय आवडतो तो मुख्यतः त्या वादामुळे. पण तिथे पोचायचं तर आधी लिक्विड क्रिस्टल म्हणजे काय ते पाहू.

१८८८ मध्ये प्राग इथे फ्रीडरिश राइनिट्झर नावाचे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवत होते. तो १४५ अंशांच्या आसपास वितळून गढूळ द्रव झाला आणि १७८ अंशांच्या पुढे एकदम नितळ. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे? मधली गढूळ अवस्था म्हणजेच लिक्विड क्रिस्टल, आपल्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत द्रवस्फटिक. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेहमान यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि पुढे तिला हे नाव दिलं.

त्यातला सर्वांत साधा प्रकार नेमॅटिक. रेणू लांबट असतात आणि द्रवातल्यासारखेच इकडून तिकडे वाहतात, पण सगळ्यांचा कल साधारण एकाच दिशेला असतो. स्थान मोकळं, दिशा बांधलेली. संशोधनात सर्रास वापरला जाणारा नेमॅटिक म्हणजे ५सीबी. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो बनवला आणि घड्याळं-कॅल्क्युलेटरच्या पडद्यांना लागणारे द्रव या कुटुंबातून आले. त्याचा एक रेणू सुमारे २ नॅनोमीटर लांब. साधारण २४ ते ३५ अंश सेल्सियसमध्ये तो नेमॅटिक असतो, म्हणजे आपल्याकडच्या खोलीत वर्षातले बरेच महिने काही खटपट न करता.

पुढच्या सगळ्या गोष्टी दोन गुणांवर उभ्या आहेत.

पहिला गुण असा की नेमॅटिकमध्ये दिशा वाकवायला ऊर्जा लागते. पाणी कसंही ओता, त्याला आत काही वाकवल्याची जाणीव नसते. नेमॅटिकला असते. एका ठिकाणचे रेणू उभे आणि शेजारचे आडवे करायचे, तर मधल्या रेणूंना हळूहळू कलत जावं लागतं, आणि तो कल कमी जागेत बसवायचा झाला तर ऊर्जा वाढते. ही स्थितिस्थापकता मोजली तर ५सीबीसाठी तिचा आकडा १० पिकोन्यूटनच्या आसपास येतो. एका न्यूटनचे एकावर बारा शून्यं इतके भाग करा आणि त्यातले दहा घ्या. आपल्या जगात हे काहीच नाही. काही मायक्रॉनच्या थेंबाच्या जगात मात्र ते फार मोठं आहे.

दुसरा गुण म्हणजे नेमॅटिक ज्या पृष्ठभागाला टेकतो, तो पृष्ठभाग त्याच्या रेणूंना दिशा लावून देतो. प्रयोगशाळेत याला अँकरिंग म्हणतात. हवेला लागून ५सीबीचे रेणू पृष्ठभागाशी काटकोनात उभे राहतात. शुद्ध पाण्याला लागून ते आडवे होतात. पाण्यात साबणाच्या जातीचं रसायन थोडंसं मिसळलं की पुन्हा उभे. काचेला कोणता लेप दिला आहे, यावर काचेलगतची दिशा ठरते.

आता या द्रवात एक गोल मणी टाकू. काचेचा, काही मायक्रॉनचा, आणि असा लेप दिलेला की रेणू त्याच्या पृष्ठभागाशी काटकोनातच टेकतील. मण्याच्या अगदी लगत रेणू चहूबाजूंनी बाहेरच्या दिशेला रोखलेले. मण्यापासून लांब मात्र सगळे रेणू एकाच दिशेला. ही दोन चित्रं मध्ये कुठेतरी जुळवायची आहेत आणि ती कितीही प्रयत्न केला तरी सलग जुळत नाहीत. डोक्यावरचे केस कसेही विंचरले तरी भोवरा कुठेतरी उरतोच, तसं इथे होतं. द्रवात एका बिंदूपाशी दिशाच ठरत नाही. हा दोष म्हणजे द्रवात अशुद्धी आहे किंवा प्रयोग चुकला असं नव्हे. भूमितीच्या नियमाने तो तिथे असावाच लागतो. मणी आला की त्याच्या जोडीला दोष आला. कधी तो मण्याच्या एका बाजूला बिंदूच्या रूपात असतो, तर कधी मण्याच्या कमरेभोवती कड्यासारखा. शनीच्या कड्यांवरून त्याला शनिवलय म्हणतात.

१९९७ मध्ये पुलँ, श्टार्क, लुबेन्स्की आणि वाइट्झ या चौघांनी नेमॅटिकमधले पाण्याचे थेंब तपासले. प्रत्येक थेंबाच्या शेजारी एक बिंदुदोष होता आणि थेंब रांगेत लागत होते: थेंब, दोष, थेंब, दोष. मधला दोष दोन थेंबांना एकमेकांत मिसळू देत नव्हता आणि दूरही जाऊ देत नव्हता. २००६ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथे इगोर मुशेविच यांच्या गटाने लेझर किरणांच्या चिमट्याने असे मणी एकेक उचलून ठेवले आणि त्यांचे सपाट स्फटिक रचले.

दूध, रंग, शाई अशा द्रवांत तरंगणाऱ्या बारीक कणांना कलिल कण म्हणतात. भोवतालचे रेणू त्यांना सतत धक्के देत असतात. त्या धक्क्यांची ऊर्जा हे या जगातलं चलन समजा, तिला औष्णिक ऊर्जा म्हणू. कणांना धरून ठेवणारं बंधन या ऊर्जेच्या काही पटींत असलं तर ते आज ना उद्या सुटतं. १ मायक्रॉन त्रिज्येच्या मण्याभोवती नेमॅटिकची दिशा वाकण्याची ऊर्जा मात्र औष्णिक ऊर्जेच्या दोन हजार पटींहून जास्त भरते. नेमॅटिकने बांधलेले मणी म्हणूनच आपोआप सुटत नाहीत.

आता मण्याला द्रवाच्या आतून वर पृष्ठभागावर आणू. इथे पृष्ठताण कामाला लागतो. कोणत्याही द्रवाला आपला उघडा पृष्ठभाग कमीत कमी ठेवायचा असतो. मणी हवा आणि द्रव यांच्या सीमेवर अर्धा बुडून बसला की त्याच्या मधल्या गोल कापाएवढा उघडा पृष्ठभाग नाहीसा होतो आणि तेवढी ऊर्जा वाचते. हिशेब सरळ आहे: त्या कापाचं क्षेत्रफळ गुणिले पृष्ठताण. १ मायक्रॉन त्रिज्या आणि मीटरला ०.०३ न्यूटन पृष्ठताण धरला तर उत्तर औष्णिक ऊर्जेच्या २ कोटी पटींहून जास्त येतं. तिथे बसलेला मणी धक्क्यांनी कधीच सुटणार नाही. त्रिज्या हजारपटीने कमी करून १ नॅनोमीटरवर आणली, तर हीच ऊर्जा दहा लाखपटीने घटून वीस-पंचवीस पटींवर येते आणि कण ये-जा करू लागतात. मायक्रॉनच्या जगात मात्र पृष्ठभाग म्हणजे पक्की कैद. यात नेमॅटिकचा विशेष काहीच नाही, पाण्यावरही हेच घडतं.

फरक पुढे आहे. कैद पृष्ठताणाची, पण कैद्यांनी आपापसांत कसं वागायचं ते नेमॅटिक ठरवतो. कोटींच्या हिशेबातली ऊर्जा कणाला पृष्ठभागावर धरून ठेवते आणि हजारांच्या हिशेबातली ऊर्जा त्याचे शेजारी कुठे बसतील ते सांगते. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि त्यामुळेच पृष्ठभागावर कणांची मांडणी हवी तशी घडवता येते.

ढकलणं समजायला सोपं आहे. हवेलगत नेमॅटिकचे रेणू उभे आहेत. लेप दिलेला मणी तिथे अर्धा बुडून बसला की त्याच्या कडेचे रेणू बाहेरच्या बाजूला कलतात. त्याचा दोष वर हवेत जाऊ शकत नाही, म्हणून तो मण्याच्या खाली, द्रवाच्या आत राहतो. आता शेजारी तसाच दुसरा मणी आणा. डावा मणी मधल्या रेणूंना एका बाजूला कलवतो, उजवा त्यांना नेमकं उलट्या बाजूला. दोन्ही कल जुळवायला मधे जितकी जागा कमी, तितका वाक तीव्र आणि ऊर्जा जास्त. म्हणून मणी दूर सरतात. एकामागे एक रांगेत असताना जे मणी ओढले जातात, तेच शेजारी शेजारी उभे केले की ढकलले जातात. ग्लिसरीनच्या थेंबांभोवती रेणूंची ठेवण थोडी वेगळी असते, पण ढकलण्याचं मूळ तेच: दोघांच्या मधली वाकलेली दिशा.

मग ओढतं कोण? २००४ च्या गटाचं उत्तर होतं पृष्ठताण, पण नेमॅटिकच्या मदतीने. चहाच्या पृष्ठभागावरचे बुडबुडे एकमेकांकडे आणि कपाच्या कडेकडे सरकतात ते आपण पाहतोच. त्यांच्यामुळे पृष्ठभाग किंचित उचलला किंवा दबला जातो आणि त्या उतारांमुळे ते जवळ येतात. मायक्रॉनच्या कणांचं वजन इतकं नगण्य असतं की त्याने पृष्ठभाग दबतच नाही: ४ मायक्रॉन व्यासाच्या काचेच्या मण्याचं द्रवातलं वजन अर्ध्या पिकोन्यूटनच्याही आत भरतं. नेमॅटिकची ताकद मात्र १० पिकोन्यूटनच्या घरातली. वाकलेल्या दिशांचा ताण कमी व्हावा म्हणून थेंब वर किंवा खाली ढकलला जात असेल, तर वजनाने जे जमत नाही ते या ताणाने जमेल. पृष्ठभागाला खळगा पडेल आणि खळगे एकमेकांकडे ओढले जातील. ढकलणं जवळून, ओढणं लांबून, दोन्हींचा तोल जिथे साधेल तिथे थेंब थांबेल. स्पष्टीकरण देखणं होतं आणि मोजमापांशी जुळतही होतं.

२००९ मध्ये जर्मनी आणि स्पेनमधल्या अभ्यासकांनी, म्हणजे ओटेल, दोमिंगेझ, तासिंकेविच आणि डीट्रिश यांनी त्यावर बोट ठेवलं. त्यांचा मुद्दा शाळेत शिकलेल्या न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर येऊन टेकतो. नेमॅटिक मण्याला खाली ओढत असेल, तर ते बळ आलं कुठून? बाहेरून कुणी लावलेलं नाही. नेमॅटिक मण्याला खाली ओढताना आपल्याच पृष्ठभागाला आसपास तेवढंच वर ढकलणार. मणी आणि त्याच्या भोवतालचा पृष्ठभाग एकत्र धरले तर एकूण बळ शून्य. वजनाची गोष्ट वेगळी, कारण ते बळ बाहेरचं असतं, त्याला जवळपास कुणी तोलत नाही आणि त्याचा खळगा लांबपर्यंत पसरतो. आतल्या आत तोललेल्या बळाचा खळगा थोड्याच अंतरात मिटतो. तेव्हा लांब पल्ल्याची ओढ या मार्गाने मिळणार नाही.

मला हा आक्षेप फार महत्त्वाचा वाटतो. चित्र पटतं, आकडे जुळतात, आणि तरीही प्रत्येक बळाचा पलीकडचा हात कुठे टेकला आहे हे विचारायचं राहून गेलेलं असतं. आक्षेपामुळे ती षटकोनी जाळी खोटी ठरली नाही. ती सूक्ष्मदर्शकाखाली तशीच दिसत होती. फक्त तिचं कारण पुन्हा शोधावं लागणार होतं.

२०११ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या गटाने, घार्बी, नोबिली, ब्लाँ आणि सहकाऱ्यांनी, थेंबांऐवजी सिलिकाचे मणी घेतले. थेंबांचे आकार कमीजास्त असतात, मणी एकसारखे मिळतात आणि त्यांना काटकोनी अँकरिंगचा पक्का लेप देता येतो. हे मणी हवा आणि नेमॅटिकच्या सीमेवर बसवून त्यांनी दोनच मणी लेझरच्या चिमट्याने जवळ आणले, सोडले, आणि ऊर्जा अंतराप्रमाणे कशी बदलते ते थेट मोजलं. अख्ख्या जाळीकडे पाहून तर्क करण्यापेक्षा एका जोडीला गाठून विचारणं केव्हाही चांगलं. मणी किती दाट आहेत आणि खालचा थर किती जाड आहे, यानुसार निरनिराळ्या रचना तयार होतात असं त्यांना दिसलं. आणि पृष्ठभाग वक्र असला तर गुरुत्वाकर्षण काय करतं, याचा हिशेबही त्यांनी मांडला.

हा शेवटचा मुद्दा सहज नजरेतून सुटण्यासारखा आहे. पृष्ठभाग दाबायला मण्याचं वजन अपुरं पडतं हे वर पाहिलं. पण द्रवाचा पृष्ठभाग आधीच किंचित वाटीसारखा असेल, जसा लहान भांड्यात कडेच्या चढामुळे असतोच, तर मणी उतारावरून मध्याकडे घसरतो. ४ मायक्रॉनचा मणी फक्त १० मायक्रॉन खाली उतरला तरी त्यातून मिळणारी ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या काहीशे पट असते. म्हणजे एकमेकांना ढकलणारे मणी उताराने मध्यावर गोळा केले, की कुणीही कुणाला न ओढता ते दाटीवाटीने पण समान अंतर राखून बसतील. समान अंतराच्या सलग मांडणीला सपाटीवर षटकोनी जाळीच सोयीची. ओढणाऱ्याचा शोध घेताना कोंडणारा समोर असू शकतो, हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं असं आता वाटतं.

इथून पुढची गंमत अशी की मांडणी बाहेरून बदलता येते. पृष्ठभाग रेणूंना जी दिशा देतो ती बदलली की कणांचं आपसातलं वागणं बदलतं, कणांना हातही लावावा लागत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कोनिग, लिन आणि निकोलस ॲबट यांनी २०१० मध्ये हे दाखवलं. त्यांनी हवेऐवजी पाणी घेतलं. पाण्यालगत ५सीबीचे रेणू आडवे, त्यामुळे मण्यांचे दोषही त्यांच्या खाली न राहता बाजूला, आणि मणी साखळ्यांमध्ये जोडले जातात. मग पाण्यात सोडियम डोडेसिल सल्फेट मिसळलं. टूथपेस्ट आणि शाम्पूच्या वेष्टनावर सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलेलं असतं, ते हेच. ते सीमेवर जाऊन बसलं, रेणू उभे राहिले, आणि साखळ्यांची जागा दोन्ही दिशांना पसरणाऱ्या षटकोनी मांडणीने घेतली. पाण्यातल्या एका रसायनाची खबर मण्यांच्या मांडणीतून साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसली. पाण्यात काय मिसळलं आहे हे ओळखणारी साधनं करायला हा रस्ता किती कामाचा आहे ते लगेच लक्षात येईल.

२०१३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने याहून पुढची गोष्ट केली. नेमॅटिकच्या थरात त्यांनी सूक्ष्म खांब उभे केले. खांबाभोवती द्रवाच्या आत कड्यासारखा दोष तयार झाला. वर पृष्ठभागावरचे मणी त्या खांबांभोवती वलयं करून बसले. मणी वर कैदेत, दोष खाली खोल, दोघांची गाठ कधीच पडत नाही. मधल्या रेणूंच्या दिशांमधून खालची रचना वर पोचली. खांब कसे आणि कुठे उभे करायचे हे आपल्या हातात, म्हणजे वरची मांडणीही बऱ्याच अंशी आपल्या हातात.

आणखी एका सीमेचा उल्लेख करायलाच हवा. ५सीबी ३५ अंशांच्या वर साधा द्रव होतो. तो थंड होताना नेमॅटिक भाग हळूहळू वाढतो आणि साधा द्रव मागे हटतो. या सरकत्या सीमेपुढे कण लोटले जातात, कारण नेमॅटिकला आपल्यात वाकडेपणा नको असतो. २००० मध्ये एडिनबरा आणि केंब्रिजच्या संशोधकांनी प्लॅस्टिकचे कलिल कण घेऊन हे केलं. कण जागोजाग भिंतींसारखे गोळा झाले, मधल्या कप्प्यांत नेमॅटिक राहिला, आणि अख्ख्या मिश्रणाचा मऊ घन पदार्थ बनला.

आपल्याकडे हैदराबाद विद्यापीठात सुरजित धारा यांचा गट नेमॅटिकमधल्या कणांवर काम करतो. अर्ध्या भागावर धातूचा मुलामा असलेले गोल कण विद्युतक्षेत्राची तीव्रता आणि वारंवारता बदलून नेमॅटिकच्या पातळ थरात कोणत्याही दिशेला चालवता येतात, हे त्यांनी श्रीराम रामस्वामी यांच्यासोबत २०२० मध्ये दाखवलं. आधीच्या प्रयोगांत कण मांडले जात होते, इथे ते हाकले जात होते.

या क्षेत्रातलं सर्वांत महत्त्वाकांक्षी स्वप्न हार्वर्डच्या डेव्हिड नेल्सन यांनी २००२ मध्ये मांडलं. एका गोल कणावर नेमॅटिकचं पातळ वेष्टन द्यायचं, रेणू त्या गोलावर आडवे. भूमितीनुसार गोलावर दोष असावेच लागतात आणि सर्वांत कमी ऊर्जेत ते चार असतात, एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर, चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या, कोपऱ्यांवर. कार्बनच्या चार बंधांची मांडणी हीच. त्या चार ठिकाणी रासायनिक दुवे जोडता आले, तर कार्बनच्या अणूंप्रमाणे चौघांशी हात मिळवणारे कलिल कण बनवता येतील. पाण्याच्या थेंबावर नेमॅटिकचं कवच चढवून २००७ मध्ये असे चार दोष प्रत्यक्ष पाहिले गेले. अडचण कवचाच्या जाडीची आहे. आतल्या थेंबाची आणि नेमॅटिकची घनता नेमकी सारखी नसते, त्यामुळे आतला थेंब एका बाजूला सरकतो आणि तिथलं कवच पातळ होतं. दोषांना पातळ जागी कमी ऊर्जा लागते, म्हणून चारही दोष चतुष्फलकाचे कोपरे सोडून त्या पातळ बाजूला गोळा होतात.